पुस्तकात नसलेली मोलकरीण

"मला त्या मोलकरणीचा भाग सगळ्यात जास्त आवडला," संज्योत म्हणाली.

आणि मी मान डोलावली. आता खरं सांगायचं तर मला मोलकरीण-बिलकरीण काही आठवत नव्हती. पण आठवणार कुठून? मी रहस्यकथा कधी सरळ वाचतच नाही. आधी शेवटची पानं वाचायची, खुनी कोण ते बघायचं, मग पहिली दोन प्रकरणं, आणि मग मध्येमध्ये चाळायचं. खुनी माहीत नसताना माझ्याच्यानं पोळी लाटवत नाही. तेव्हा मला वाटलं, असेल बाई मधल्या पानांत कुठेतरी मोलकरीण. आपण गाळली असेल.

आमची ती पुस्तक-भिशी होती. सांगलीला आमच्या कॉलनीत बायका पैशाची भिशी करत, साड्यांची करत, आम्ही पुस्तकांची करायचो. जिची पाळी तिनं पुस्तक आणायचं, ते घरोघर फिरायचं, आणि महिनाअखेरच्या रविवारी दुपारी तिच्याच घरी जमून प्रत्येकीनं मत सांगायचं. नियम एकच. जिच्या हातात पुस्तक तिनं बोलायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं. हा नियम कुंदाताई लिमयांसाठी करावा लागला होता, कारण त्या शाळेतनं रिटायर झाल्या तरी त्यांच्यातली शाळा रिटायर झाली नव्हती. कुणी काही चुकीचं बोललं की लगेच, "थांबा, थांबा, तसं नाहीये ते."

त्या महिन्यात पाळी माझी होती. मी आणलेली कादंबरी पोलीस-इन्स्पेक्टर बाईची. मुखपृष्ठावर काळा चष्मा, हातात पिस्तूल. बायकांना दम लागेल असा वेग. हेमा चौगुले म्हणाली, "अहो, वाचता वाचता भात करपला, दुसरा लावला, तोही करपला. शेवटी ह्यांना म्हटलं, पोहे खा." कुंदाताईंनी बाईंच्या पिस्तुलाची हजेरी घेतली. ते आधी उजव्या हातात असतं आणि भिंत ओलांडेपर्यंत डाव्या हातात जातं, हे लेखकाला कळू नये म्हणजे काय! रजिया शिकलगार आमच्यात सगळ्यात तरुण, बँकेत नोकरीला, घर माझ्या मागच्या बोळात. ती म्हणाली, "सगळं छान आहे, पण ह्या बाई एवढ्या पळतात, त्या जेवतात कधी? एकदा तरी डबा उघडताना दाखवा की." आम्ही पोट धरून हसलो.

मग पुस्तक संज्योतकडे गेलं.

संज्योत भोईटे आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात वर्षभरापूर्वी राहायला आली होती. बोलणं कमी, बाह्या लांब, अगदी एप्रिलमध्येसुद्धा. नवरा रणजित, वाळू-सिमेंटचा धंदा. देखणा, नम्र. भिशीला बायकोला स्वतः सोडायला यायचा आणि संपेपर्यंत हॉलमध्ये टीव्हीपुढे बसायचा, मांडीवर चार वर्षांची ओवी. आम्ही बायका त्याचं केवढं कौतुक करायचो! "नाहीतर आमचे! आम्ही कुठल्या गल्लीत गेलो तेही माहीत नसतं." त्या दिवशीही तो बाहेर क्रिकेटची मॅच बघत होता. आम्ही आतल्या खोलीत सतरंजीवर. मधलं दार उघडं, कारण तोच म्हणायचा, "असू दे काकू, वारं खेळतं."

"ती म्हातारी मोलकरीण," संज्योत म्हणाली. नजर पुस्तकावर, आवाज बेताचा. "तिच्या मालकानं घरातल्या फोनला कुलूप घातलेलं असतं. तिचे हात भाजलेले असतात, पण ती पदराखाली झाकते. लोकांना मालक फार चांगला वाटतो. ती माहेरी सांगते तर माहेरचे म्हणतात, जरा सोसून घे. आणि तिचं ते कोकरू. मालक कोकराला सतत स्वतःजवळ ठेवतो. त्याला माहीत असतं, कोकराशिवाय ती कुठे जाणार नाही."

मी आपली ऐकतेय. मनात म्हणते, पोलिसांच्या पुस्तकात कोकरू कुठनं आलं? पण लेखकाचा काय नेम.

"मग तो ठरवतो की दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मळ्यावर न्यायचं. विहिरीवर. तिला म्हणत नाही, कोकराला म्हणतो. कुरवाळत म्हणतो, उद्या आपण तिघं जायचं, आणि येताना तू अन् मी." तिनं पान उलटलं. वाचत नव्हती, नुसतं उलटलं. "मला सारखं वाटत होतं, ती इन्स्पेक्टर बाई आता तरी येईल. पण तिला कुणी सांगतच नाही. ती येणार कशी?"

मी सहज वर बघितलं, तर रजियाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं. हेमाचा हात चिवड्याच्या ताटलीत होता, तो तिथेच थांबला होता. ह्या दोघींनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं होतं. दोघी संज्योतकडे बघत होत्या, पुस्तकाकडे नाही. मी गाळलेलं काही नव्हतं. पुस्तकात मोलकरीणच नव्हती.

बाहेर मॅचमध्ये कुणीतरी आउट झालं. लोक ओरडले. रणजितचा आवाज नाही.

"थांबा, थांबा," कुंदाताई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं, हेमानं त्यांचा गुडघा दाबला, पण कुंदाताईंना सुधारायची हुक्की आली की त्या देवाच्या बापाचं ऐकत नसत. त्यांनी हात पुढे करून संज्योतकडून पुस्तक घेतलंच. चष्मा नाकावर चढवला. तोंड उघडलं. आणि मग त्यांना संज्योतची बाही दिसली. पुस्तक देताना ती मनगटावरनं वर सरकली होती. कुंदाताई बघत राहिल्या. बाहेर टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला.

"मोलकरीण," कुंदाताई मोठ्यानं म्हणाल्या, शाळेत म्हणायच्या तशा. "ते पात्र लेखकानं फार छान रंगवलेलं आहे. माझं तिच्याबद्दल काहीही म्हणणं नाही."

आयुष्यात ही बाई कधी खोटं बोलली नव्हती हो. वाण्यानं वीस ग्रॅम साखर जास्त घातली तर परत नेऊन देणारी.

रजियानं ते काढून घेतलं. तिचा आवाज अगदी सरळ. "मला एकच कळलं नाही. त्या मोलकरणीला खरंच जायचं होतं का? की नुसतं मन मोकळं करायचं होतं? काही बायका निघतात आणि दारातनं परत फिरतात."

संज्योतनं हात पुढे केला. पुस्तक हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्याही वेळी तिच्या डोक्यात होतं. रजियानं पुस्तक दिलं.

"जायचं होतं," संज्योत म्हणाली. "त्याच दिवशी. कोकराला घेऊन."

आता कोकरू तर बाहेर, बापाच्या मांडीवर. ते आणायचं कसं? आम्ही चौघी एकमेकींची तोंडं बघत बसलो. आणि मग कोपऱ्यातल्या परातीकडे माझं लक्ष गेलं. संक्रांत नुकतीच झाली होती. भिशी झाल्यावर माझ्या नातीचं बोरन्हाण करायचं ठरलं होतं, पण सकाळी तिला ताप भरला आणि सून आलीच नाही. परातीत बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या, सगळं तसंच. हलव्याचे दागिनेही डब्यात, शेजारी पाट मांडलेला.

मी उठले. हॉलमध्ये गेले.

"रणजितराव, ओवीला जरा आत देता का? नातीसाठी केलेलं बोरन्हाणाचं सामान वाया चाललंय. तिलाच घालतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. हसूनच बघितलं. "तिला सवय नाही काकू. रडेल."

"रडली तर आणून देते की. लेकराला पाचव्या वर्षाआधी घालायलाच पाहिजे. तुमच्या आईंनी घातलं असेल ना तुम्हाला?"

"मी येऊन बसतो आत."

"अगोबाई!" आतनं हेमा ओरडली. "बायकांच्यात पुरुष कुठे बसतोय? आम्ही पण तुमच्या मॅचमध्ये येऊ का खेळायला?"

तो हसला. चार बायकांपुढे नाही म्हणणं त्याला शोभलं नसतं, आणि शोभण्याला तो फार जपायचा. त्यानं ओवीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तिला माझ्याकडे दिलं. पोरगी इतकी हलकी! माझ्या गळ्यात हातसुद्धा टाकला नाही तिनं. मी आत आले आणि मागे दाराचा पडदा ओढून घेतला. ती रडू नये म्हणून हेमानं तिच्या अंगावर हलव्याचे दागिने चढवले, डोक्यावर साखरेचा मुकुट.

पुढचं सगळं चुटकीसरशी झालं, त्या कादंबरीतल्यासारखं. रजिया ओवीला घेऊन स्वयंपाकघरात, तिच्यामागे संज्योत, मागचं दार, बोळ, रजियाची स्कूटी. संज्योतच्या पायात चपला नव्हत्या. चपला पुढच्या दारात होत्या, त्याच्या नजरेसमोर. कुंदाताईंनी स्वतःच्या दिल्या असत्या, पण त्याही पुढच्याच दारात. गेली तशीच अनवाणी.

आणि आम्ही तिघी रिकाम्या पाटासमोर उभ्या.

"घाला," कुंदाताई कुजबुजल्या. "आवाज करा."

हेमानं परात उचलली. आम्ही त्या पाटावर बोरं ओतली. चुरमुरे ओतले. टाळ्या वाजवल्या. "अगंबाई, कशी गोड दिसतेय! लुटा, लुटा!" कोण लुटतंय? बोरं गडगडत कपाटाखाली चाललेली. हेमा गाणं म्हणायला लागली, तिला गाणं येत नाही. मला रडू येत होतं आणि मी हसत होते, मोठमोठ्यानं.

"काकू," बाहेरनं हाक आली. "जरा या."

मी गेले. तिळगुळाची वाटी हातात घेऊन गेले, हात रिकामे असते तर कापताना दिसले असते. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता. चित्रं नुसती पळत होती.

"ते पुस्तक आणता? बघू तरी, काय वाचता तुम्ही."

पुस्तक मी काखेत घेऊनच आले होते. कधी घेतलं आठवत नाही. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. दिलं.

त्यानं ते मांडीवर ठेवून उघडलं. "ती मोलकरीण कुठल्या पानावर आहे?"

"आहे की, मधेच कुठेतरी."

"नाव काय तिचं?"

"तिला नाव दिलेलं नाही. मोलकरणींना कोण नावं देतंय?"

"कोकराचं?"

"ते तर जनावर."

तो पानं उलटत राहिला. घाई नाही. प्रत्येक पानावरनं बोट फिरवत होता, डावीकडून उजवीकडे, मग खाली. मी उभीच. मनात हिशेब चाललेला, आता बोळ ओलांडला असेल, आता रिक्षा स्टँड, आता पूल. आत हेमा बेंबीच्या देठापासून गात होती.

"ओवीचा आवाज येत नाही," तो म्हणाला.

आत ऐकू गेलं असणार. कारण लगेच एक बारीक, लाडिक हसणं आलं. "अजून बोलं! अजून!" साठीला टेकलेली, दारात मावत नाही अशी आमची हेमा, चार वर्षांच्या पोरीसारखी हसत होती. एरवी मी हसून हसून मेले असते.

रणजितनं पुस्तक मिटलं.

"ओवी हसत नाही," तो म्हणाला.

नुसतं माहिती द्यावी तसं म्हणाला. उठला. मी मध्ये उभी राहिले, असं मला वाटतं. पण त्यानं मला हातही लावला नाही, बाजूनं गेला आणि पडदा सारला. पाट रिकामा. सगळीकडे बोरं. हेमाच्या दोन्ही मुठी भरलेल्या, तोंड अजून हसण्याच्या बेतात.

"कुठेत?"

हेमा भिंतीला लागली. कुंदाताई मात्र पुढे झाल्या. दिवसाला एक खोटं त्यांना पुरलं असावं.

"पोलीस स्टेशनला गेल्यात," त्या म्हणाल्या. "तुमची तक्रार द्यायला."

मला वाटलं, मेलो आता. हा काहीतरी उचलणार आणि घालणार. पण तो खाली वाकला, एक बोर उचललं, शर्टाला पुसून खाल्लं. बी हातावर काढून पाटाच्या मधोमध ठेवली.

"घरातलं आहे हो काकू. तुम्ही असली पुस्तकं वाचता, मग डोक्यात काय काय येतं." आणि चपला घालून गेला. दार हळूच लावून घेतलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा कुठे हेमा मटकन खाली बसली आणि भोकाड पसरून रडायला लागली.

मी आणि कुंदाताई रिक्षानं निघालो. कुंदाताई वाटभर एकच म्हणत होत्या, "मी सांगायला नको होतं, सुलोचना, मी सांगायला नको होतं." मी म्हटलं, "तुम्ही नसतं सांगितलं तरी त्याला कळलंच असतं." पण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तर मी रिक्षावाल्याच्या पाठीत बुक्की मारली. तो बिचारा लाल दिव्याकडे बोट दाखवत राहिला.

पोलीस स्टेशनात शिरलो तर रणजित आधीच खुर्चीवर बसलेला. समोर चहा! शेजारी हवालदार, दोघं कुठल्याशा ओळखीच्या माणसाबद्दल बोलत होते. टेबलापलीकडे खोत मॅडम म्हणून फौजदार बाई. जाडसर, सर्दी झालेली, रुमाल नाकाला. काळा चष्मा नाही, पिस्तूल नाही. डबा मात्र उघडा होता, अर्धी भाकरी तशीच. बाकड्यावर रजिया, तिच्याशेजारी संज्योत, पाय मातीनं भरलेले, आणि ओवी हलव्याचे दागिने घातलेली. साखरेचा मुकुट अजून डोक्यावर.

"ह्यांनी तासाभरात एक अक्षर सांगितलं नाही," मॅडम आम्हाला म्हणाल्या. तासभर कसला, पंधरा मिनिटं झाली असतील. पण संज्योत गप्प होती हे खरं. "ही मुलगी म्हणते मारहाण आहे. त्या काही म्हणत नाहीत. आणि मिस्टर म्हणतात, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, भास होतात. मी लिहू काय?"

"दाखव ना हात," रजिया संज्योतला म्हणाली. "दाखव."

"स्वयंपाकघरात भाजलंय," रणजित म्हणाला. "विचारा तिला. विचारा ना मॅडम."

मॅडमनी विचारलं. संज्योतनं मान खाली घातली. त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मान हलली, हो अशी. पुस्तक हातात असताना बोललेली ही बाई, आता बोलत नाही! उद्या सकाळी तो हिला मळ्यावर नेणार आणि आम्ही चार दिवसांनी पेपरात वाचणार, विहिरीत पाय घसरला. मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं.

"असं करा," त्या म्हणाल्या, "आज घरी जा. शांत व्हा दोघं. उद्या वाटलं तर या."

"उद्या!" मी ओरडले. "अहो, उद्या कुठली यायला!"

"काकू, आवाज नको," हवालदार म्हणाला.

रणजित उठला. शर्ट नीट केला. त्याचा चेहरा इतका समजूतदार होता की क्षणभर मलाच वाटलं, आपलं काही चुकलं का? त्यानं हात पुढे केला. मऊ आवाजात म्हणाला, "चल ओवी. घरी जाऊ."

ओवी बाकड्यावरनं उतरली. चार पावलं चालली. त्याच्याकडे नाही. टेबलाला वळसा घालून ती मॅडमच्या बाजूला गेली, वाकली आणि टेबलाखाली शिरली. रडली नाही, बोलली नाही. पार मागे भिंतीला टेकली, गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही हातांनी कान दाबले आणि डोळे मिटले. मुकुट वाकडा झाला होता. रोजचं काम असल्यासारखं तिनं ते सगळं केलं.

खोत मॅडम खुर्ची मागे सरकवून खाली वाकल्या. बराच वेळ वाकून बघत होत्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांनी रणजितकडे बघितलं नाही, हवालदाराकडे बघितलं.

"ह्यांचा चहा उचल," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना बाहेर घेऊन बस. कुठे जाऊ द्यायचं नाही."

"मॅडम, लहान मूल आहे, ते खेळतंय..." रणजित बोलायला लागला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला मी ऐकला. आणि तो चढताक्षणी टेबलाखालच्या ओवीनं कानांवरचे हात आणखी घट्ट दाबले.

संज्योत ते बघत होती. ती बाकड्यावरनं उठली.

"ती आता अशी पटकन बाहेर येणार नाही," ती म्हणाली. "घरी कॉटखाली जाऊन बसते. मी हाक मारली तरी येत नाही. आधी सगळं थांबावं लागतं."

तिनं आधी एक बाही वर केली, मग दुसरी. मॅडमच्या टेबलावर दोन्ही हात ठेवले, भाकरीच्या डब्याशेजारी. मागे घेतले नाहीत.

"लिहा," ती म्हणाली. "उद्या मळ्यावर मला मारणार होता. मी सगळं सांगते."